डीप ड्रॉ पार्ट ट्रिमनंतर तोंड का उघडतो? रिंग कापून ताण मोजण्यापासून डाय सुधारण्यापर्यंत

प्रेसशॉपमधे ज्याने चार वर्षं काढलीत त्याने हे बघितलेलंच असतं. ड्रॉ मारला (पंचाने सपाट पत्रा डायमधे, म्हणजे साच्यात, ओढून खोल आकार दिला), पार्ट झकास निघाला, सुरकुत्या नाहीत, रेडिअसला फाटला नाही, फिक्स्चरवर (आकार तपासायच्या बैठकीवर) ठेवला तर बसतोय. सगळे खूष. मग तोच पार्ट ट्रिममधून, म्हणजे कडेचा जादा पत्रा कापून, बाहेर येतो आणि तोंड दीड-दोन मिमी उघडलेलं, भिंत बाहेर झुकलेली, पुढे असेंब्लीत बसतच नाही. मग आधी शिव्या ट्रिम डायला, मग पत्र्याला, मग ऑपरेटरला.

मी टूलरूममधे नवीन होतो तेव्हा भोसरीच्या एका छोट्या युनिटमधे एका चौकोनी कव्हरचा ड्रॉ डाय आम्ही तीन वेळा बदलला. दर वेळी वेल्डिंग, ग्राइंडिंग, पॉलिश, परत ट्रायआउट (चाचणीचे पार्ट मारणं) आणि दर वेळी पार्ट वेगळ्याच बाजूने उघडायचा. तीन आठवडे गेले यात. शेवटी तिथल्या एका जुन्या डायमेकर काकांनी एक पार्ट उचलला, व्हाइसमधे धरून हॅकसॉने भिंत दोन ठिकाणी उभी चिरली, तशी मधली पट्टी आपोआप बाहेर वाकली. म्हणाले, "आधी हे बघायचं, मग डायला हात लावायचा." पुढची सगळी पद्धत मी त्या एका वाक्यावरूनच बसवत गेलो, तीच इथे लिहितोय.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. स्प्रिंगबॅक आणि रेसिड्यूअल स्ट्रेस हे दोन वेगळे प्रॉब्लेम नाहीत. पत्रा वाकवताना, ओढताना त्यात जो लवचिक ताण भरला जातो, त्यातला जेवढा सुटतो तो स्प्रिंगबॅक म्हणून डोळ्याला दिसतो, आणि ज्याला सुटायला वाटच मिळत नाही तो पत्र्यात दबून राहतो. दबलेला ताण ट्रिम करताना, होल मारताना, वेल्डिंग करताना, कधीकधी तर गोडाऊनमधे पडल्या पडल्या बाहेर येतो. म्हणून नुसता आकार मोजून उपयोग नाही, आत काय दबलंय तेही मोजायला लागतं, आणि त्याला महागडं मशीन लागतंच असं नाही.

पत्र्यावर नक्की काय होतं

हे समजल्याशिवाय पुढच्या पायऱ्या म्हणजे अंधारात दगड मारणं आहे, त्यामुळे जरा शांतपणे वाचा.

साधा गोल कप घ्या. ब्लँक (कापलेला सपाट पत्रा) डायवर ठेवला, ब्लँक होल्डरने कडेला दाबला, पंच खाली आला. फ्लँजमधला (होल्डरखालच्या कडेतला) पत्रा आत सरकताना मोठ्या घेरातून छोट्या घेरात येतो, म्हणजे आडवा आवळला जातो आणि उभा ओढला जातो. मग तो डाय रेडिअसवर (डायच्या तोंडाच्या गोल कडेवर) येतो. इथे तो वाकतो: डायला टेकलेली बाजू दाबली जाते, पंचाकडची ताणली जाते. आणि रेडिअस सोडून भिंतीत उतरताना तोच पत्रा परत सरळ होतो. सगळी गोम इथेच आहे. सरळ होताना बरोब्बर उलटं होतं, डायकडची बाजू म्हणजे कपाची बाहेरची बाजू आता ताणली जाते आणि आतली दाबली जाते. पंच वर गेला की पत्रा हा हिशोब मिटवायला बघतो, बाहेरची बाजू आखडू पाहते, आतली लांबू पाहते, म्हणजे भिंतीला बाहेरच्या बाजूला कर्ल व्हायचं असतं.

आता यू-चॅनल असेल तर भिंत मोकळी आहे, ती खरंच बाहेर कर्ल होते, आपण त्याला साइडवॉल कर्ल म्हणतो. पण गोल कपात भिंत सगळीकडून स्वतःलाच धरून बसलेली आहे, तिला जायला जागाच नाही. मग बाहेरच्या पृष्ठावर ओढ आणि आतल्या पृष्ठावर दाब तसाच अडकून राहतो, उभ्या दिशेने पण आणि घेराच्या दिशेने पण. म्हणून गोल कप दिसायला एकदम साधा आणि आतून भरलेला असतो. चौकोनी पार्टचं दोन्हीच्या मधलं आहे, कोपरे कपासारखे आणि सरळ भिंती यू-चॅनलसारख्या, आणि हे दोघं एकमेकांना खेचतात. आमचा कव्हर दर वेळी नव्या बाजूने उघडायचा त्याचं कारण हेच, आम्ही एका भिंतीचं करायचो आणि कोपरा ते दुसऱ्या भिंतीवर ढकलायचा.

आणि फ्लँज? फ्लँज म्हणजे फोटोची फ्रेम समजा. ती आहे तोवर भिंत जागेवर धरलेली असते. ट्रिम केलं की फ्रेम गेली. ट्रिम डाय फक्त दरवाजा उघडतो.

पायरी १: कागदावर अंदाज काढा

डायला हात लावायच्या आधी पाच मिनिटं कॅल्क्युलेटर घेऊन बसा. साध्या बेंडसाठी जुनंच सूत्र आहे, ते डीप ड्रॉला तंतोतंत लागू होत नाही पण कुठला मटेरिअल किती त्रास देणार हे नीट सांगतं. आधी एक आकडा काढायचा, त्याला क म्हणू:

क = (बेंडची आतली त्रिज्या × यील्ड) ÷ (ई × जाडी)

आणि मग: जुनी त्रिज्या ÷ नवी त्रिज्या = ४क³ − ३क + १

यील्ड म्हणजे ज्या ताणाला पत्रा कायमचा वाकायला लागतो तो आकडा, मेगापास्कलमधे. ई म्हणजे यंग्ज मॉड्युलस, धातूचा लवचिक ताठपणा, पोलादाला साधारण २,१०,००० मेगापास्कल आणि अ‍ॅल्युमिनिअमला ७०,०००. समजा १ मिमी पत्रा, १० मिमी त्रिज्या, यील्ड २०० चं साधं ड्रॉइंग क्वालिटी पोलाद. क येतो ०.००९५, त्रिज्या १० ची १०.२९ होते आणि ९० अंशाचा बेंड साधारण अडीच अंश उघडतो. आता त्याच डायमधे यील्ड ३८० चा डीपी ६०० (हाय स्ट्रेंग्थ पोलाद) टाका: पावणेपाच अंश. आणि यील्ड १३० चं अ‍ॅल्युमिनिअम टाका: तेही जवळजवळ पावणेपाच अंश! बऱ्याच लोकांना वाटतं अ‍ॅल्युमिनिअम मऊ आहे म्हणजे ऐकेल. मऊ आहे खरं, पण ई तीनपट कमी आहे, त्यामुळे उघडायच्या बाबतीत ते हाय स्ट्रेंग्थ पोलादाच्या रांगेत बसतं.

अजून एक उदाहरण करून बघा, डोळे उघडतात. त्याच साध्या पोलादात त्रिज्या १० ऐवजी १०० घ्या. उत्तर येतं १३९. म्हणजे उथळ, मोठ्या गोलाईचे पॅनल नुसते दाबून जवळजवळ बसतच नाहीत, त्यांना ताणायलाच लागतं. तीक्ष्ण बेंड त्या मानाने सज्जन असतात.

याच सूत्रावरून कॉइलचंही (पत्र्याच्या गुंडाळीचंही) कळतं. यील्ड १८० ची कॉइल संपली आणि २४० ची लागली, दोन्ही सर्टिफिकेटवर पास आहेत, पण स्प्रिंगबॅक एक तृतीयांशाने वाढला. डायला काहीही झालेलं नाही.

पायरी २: मोजायची पद्धत सरळ करा

खूप वेळा भांडण पार्टचं नसून मोजण्याचं असतं. फिक्स्चरवर पार्ट ठेवून चारही क्लॅम्प मारले की स्प्रिंगबॅक गायब होतो, कारण क्लॅम्पने तो दाबून धरलेला असतो. आधी फ्री स्टेटमधे मोजा, तीन आधारांवर, क्लॅम्प न लावता. मग क्लॅम्प लावून परत मोजा. दोन्हीतला फरक लिहून ठेवा, कारण असेंब्लीत तेवढ्या जोराने हा पार्ट बाजूच्या पार्टला ओढणार आहे आणि ते स्पॉट वेल्ड ते सहन करणार आहेत.

एकाच कॉइलचे, एकाच हीट नंबरचे (धातूच्या एकाच वितळणीचे) किमान पाच पार्ट घ्या आणि त्यांच्यावर मार्करने नंबर टाका. प्रत्येक ऑपरेशननंतर तेच पार्ट मोजायचे: ड्रॉनंतर, ट्रिमनंतर, पिअर्सनंतर (होल मारल्यावर), फ्लँजनंतर (कड वाकवल्यावर). कुठल्या स्टेशनला किती हलला हे दिसलं की अर्धं काम झालं. पार्ट प्रेसमधून गरम निघतो, थंड होऊ द्या. अ‍ॅल्युमिनिअम किंवा हाय स्ट्रेंग्थ पत्रा असेल तर दुसऱ्या दिवशी परत मोजा, या मटेरिअलमधे थोडी हालचाल नंतरही चालू राहते.

पत्र्याचा टेन्साइल टेस्ट रिपोर्ट हातात हवा, कॉइलचा, कॅटलॉगमधला नाही. आणि पत्र्याची खरी जाडी मायक्रोमीटरने मोजून घ्या.

पायरी ३: कापून बघा

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जातो. का टाळतात मला खरंच कळत नाही, एका पार्टची किंमत ती काय.

गोल कपासाठी रिंग टेस्ट. कपाच्या भिंतीतून ८-१० मिमी उंचीच्या रिंगा कापायच्या, एक तळाजवळची, एक मधली, एक तोंडाजवळची. वायरकट (विजेच्या ठिणगीने, तारेने कापायचं मशीन) असेल तर उत्तमच, कारण कापताना गरमी आणि जोर दोन्ही नगण्य. नसेल तर बारीक दातांचा हॅकसॉ आणि सावकाश हात. ग्राइंडर नको, गरम करून ताण बदलून टाकतो. रिंग निघाली की तिच्यावर स्क्रायबरने (टोकदार सुईने) दोन उभ्या रेघा मारा, समजा १० मिमी अंतरावर, रेघांच्या मधोमध रिंग कापा, आणि रेघांमधलं अंतर परत मोजा. वाढलेलं अंतर म्हणजे रिंग किती उघडली. रेघा आधी मारल्या की करवतीची जाडी वजा करायची भानगड राहत नाही. ही कल्पना डेमेरी स्प्लिट रिंग टेस्ट म्हणून ओळखली जाते, एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचं ई २४९२ हे स्टँडर्ड त्यावरच आहे, त्यामुळे कस्टमरने विचारलंच तर घरगुती जुगाड आहे असं वाटून घेऊ नका.

आता आकडा काढू. समजा कपाचा मधला व्यास ६० मिमी, पत्रा १ मिमी, १०८ च्या ब्लँकमधून ओढलेला, म्हणजे ड्रॉ रेशो (ब्लँकचा व्यास ÷ कपाचा व्यास) १.८ च्या आसपास आणि उंची ३३-३४ मिमी. मधली रिंग कापली आणि १२ मिमी उघडली. जुना घेर १८८.५, त्यात १२ मिळवले, २००.५. त्याला ३.१४ ने भागलं की नवा व्यास ६३.८, त्रिज्या ३१.९. मग:

पृष्ठावरचा ताण = ई × जाडी ÷ २ × (१ ÷ जुनी त्रिज्या − १ ÷ नवी त्रिज्या)

२,१०,००० × १ ÷ २ × (१ ÷ ३० − १ ÷ ३१.९) केलं की साधारण २१० मेगापास्कल येतं. म्हणजे मूळ पत्र्याच्या यील्डएवढी ओढ कपाच्या बाहेरच्या पृष्ठावर नुसती बसून आहे, वर कोणी काही लोड टाकलेला नसताना. मी पहिल्यांदा हा आकडा काढला तेव्हा दोनदा तपासला होता.

उभ्या दिशेसाठी जीभ कापायची. तोंडाकडून खाली दोन उभे काप, ६ मिमी रुंद आणि २५ मिमी लांब पट्टी तळाशी जोडलेलीच ठेवायची. पट्टीचं टोक बाहेर येईल. ते किती आलं ते मोजा आणि ताण = ई × जाडी × टोकाचं सरकणं ÷ (लांबी × लांबी). टोक ०.८ मिमी बाहेर आलं तर २,१०,००० × १ × ०.८ ÷ ६२५, म्हणजे जवळपास २७० मेगापास्कल. चौकोनी पार्टला रिंग काढता येत नाही तिथे हीच जीभ वापरायची, चारही भिंतींच्या मधे आणि कोपऱ्यांना, आणि नकाशासारखे आकडे पार्टवरच मार्करने लिहायचे.

हे दोन्ही हिशोब धरून चालतात की ताण जाडीभर सरळ रेषेत बदलतो. तसं अगदी नसतं, त्यामुळे आकडा तुलना करायला वापरा, ड्रॉइंगवर छापायला नको. खरोखर अचूक पाहिजे असेल तर लॅबमधे एक्सरे डिफ्रॅक्शन होतं, पण ते पोलादात पृष्ठाखाली काही मायक्रॉनच बघतं, आणि स्ट्रेन गेज लावून होल ड्रिलिंग पण होतं, ते पातळ पत्र्यावर जपून करायला लागतं. नव्वद टक्के वेळा हॅकसॉ पुरतो.

रिंगा वाचायच्या कशा: गोल कपात सहसा तळाकडून वर जावं तसं उघडणं वाढतं, कारण तळ भिंतीला धरून ठेवतो आणि वरचा पत्रा जास्त आवळून आलेला असतो. अगदी कडेची रिंग वेगळी वागू शकते, तिथे शेवटी फ्लँज सुटल्यामुळे ओढ कमी झालेली असते. एकाच उंचीवर कपाच्या दोन बाजूंना जिभा वेगळ्या येत असतील तर पत्र्याला दोष देऊ नका, आधी पंच-डायचं सेंटर, क्लिअरन्स (दोघांमधली फट) आणि कुशन पिना (ब्लँक होल्डरला खालून दाब देणाऱ्या) तपासा. एक कुशन पिन दोन दशांश मिमी आखूड असली तरी एका बाजूला पत्रा मोकळा पळतो.

पायरी ४: सुधारणा, आणि त्याही या क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे. ज्यात धातू काढायला लागत नाही ते आधी, कारण डायवरून काढलेला धातू परत लावायला वेल्डिंग लागतं आणि वेल्ड केलेला रेडिअस पूर्वीसारखा कधीच होत नाही.

पहिलं म्हणजे भिंतीला ताण द्या. भिंतीत आतबाहेर ओढ-दाबाचं जे दुभंगलेलं चित्र आहे, ते मिटवायचा खात्रीचा उपाय एकच, सगळी जाडीच्या जाडी ओढीत न्यायची. आतली दाबलेली बाजूही ओढली गेली की दोन बाजूंतला फरक कमी होतो आणि कर्ल व्हायला कारण उरत नाही. त्यासाठी ब्लँक होल्डर फोर्स वाढवा, पण स्ट्रोकभर नाही. सुरुवातीपासून दाब वाढवला तर पंच रेडिअसला फाटेल. पत्रा बहुतेक आत येऊ द्या आणि शेवटच्या काही मिलिमीटरला दाब एकदम वाढवा, सर्वो कुशन किंवा हायड्रॉलिक कुशन असेल तर हे सेटिंगवरच होतं. मेकॅनिकल प्रेसला साधी एअर कुशन असेल तर स्टेक बीड टाका, म्हणजे असा उंचवटा (बीड) जो स्ट्रोकच्या अगदी शेवटी पत्र्याला चावतो आणि पुढे सरकू देत नाही. हाय स्ट्रेंग्थ पत्र्याला भिंतीत किमान २ टक्के ताण मिळाला पाहिजे हा नेहमीचा ठोकताळा आहे. मोजायचा कसा? ब्लँकवर गोल ग्रिड मारा किंवा साधं स्क्रायबरने ५० मिमी अंतराच्या दोन खुणा, बीड लागायच्या आधी थांबवलेला पार्ट आणि पूर्ण मारलेला पार्ट, दोन्हीतलं अंतर बघा, ५० चे ५१ झाले पाहिजेत.

साध्या पोलादाला ब्लँक होल्डरचा दाब २ ते ३ न्यूटन प्रति चौरस मिमी इथून सुरू करतात. वंगण बदललं की हा आकडा बदलतो हे विसरू नका. ट्रायआउटला ब्रशने हात सैल सोडून तेल लावायचं आणि प्रॉडक्शनला रोलरने पातळ थर द्यायचा, मग पार्ट वेगळा आला म्हणून आश्चर्य करायचं, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता ट्रायआउटला सुद्धा प्रॉडक्शनचंच तेल आणि तेवढंच तेल असा हट्ट धरतो.

दुसरं, क्लिअरन्स. पंच आणि डायमधली गॅप साधारण १.१ पट जाडी ठेवतात. तोंडाकडे पत्रा जाड होत जातो, त्यामुळे खाली भिंत सैल आणि वर आवळलेली, अशी ती गॅपमधे नागासारखी डोलते. गोल कपाला मला आवडणारा उपाय म्हणजे हलकं आयर्निंग: ड्रॉच्याच शेवटी किंवा पुढच्या स्टेशनला भिंत ५ ते १० टक्के पातळ करायची. एवढ्याशा आयर्निंगने पृष्ठावरची ओढ खूप खाली येते, रिंग कापून बघा म्हणजे विश्वास बसेल. किंमत अर्थात आहे, टनेज (प्रेसचा जोर) वाढतं, डाय रिंग चांगल्या एचसीएचसीआरची (जास्त कार्बन, जास्त क्रोमिअमच्या टूल स्टीलची) किंवा कार्बाइडची लागते, पॉलिश ओढण्याच्या दिशेने लागतं, आणि वंगण कमी पडलं तर लगेच ओरखडे.

तिसरं, डाय रेडिअस. सुरुवात जाडीच्या ६ ते ८ पटीपासून. खूप मोठा ठेवला तर पत्रा शेवटी मोकळा सुटतो आणि तोंडाला सुरकुती येते, खूप बारीक केला तर फाटतो. रेडिअस बदलताना फक्त एका कोपऱ्याचा बदलायचा मोह टाळा, आणि रेडिअस गेज लावून सगळीकडे सारखा आहे का बघा, कारण हाताने पॉलिश करत करत वर्षभरात ६ चा ८ झालेला असतो आणि ड्रॉइंगवर अजून ६ च असतो.

चौथं, रिस्ट्राइक. ट्रिमनंतर पार्ट परत एका डायमधे मारायचा, बारीक रेडिअस पक्के करायचे, भिंतींवर डार्ट (छोटा दाबलेला खळगा) किंवा बीड टाकून कडक करायच्या. डिझाइन परवानगी देत असेल तर भिंतीवरचा एक छोटा उभा डार्ट जे काम करतो ते शंभर टन जास्त दाबून होत नाही. पण लक्षात घ्या, डार्ट ताण काढत नाही, तो फक्त पार्टला उघडू देत नाही, ताण आतच आहे. पुढे त्याच भिंतीत मोठं होल मारणार असाल तर ते होल रिस्ट्राइकच्या आधी मारा.

आणि शेवटी कॉम्पेन्सेशन, म्हणजे डायचा आकारच उलट्या बाजूला वाकवून ठेवायचा. जेवढा उघडतो तेवढा आत. पहिल्या वेळी पूर्ण उलटा करू नका, मोजलेल्या फरकाच्या ७०-८० टक्के करा, परत मारा, परत मोजा, सहसा दोन-तीन फेऱ्या लागतात. आधीच्या चार गोष्टी स्थिर झाल्याशिवाय कॉम्पेन्सेशन करायचंच नाही, कारण कुशनचं प्रेशर बदललं की तुम्ही कोरलेला आकार चुकीचा ठरतो. आमच्या कव्हरला हेही झालं होतं. आणि भिंत उभी असेल तर उलटा कोन दिल्यावर पार्ट पंचवरून निघेल का हे आधी बघा.

सिम्युलेशनवाल्यांसाठी थोडं

ऑटोफॉर्म, पॅमस्टँप, एलएस-डायना, कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, फाटणं-सुरकुत्या बघायला केलेलं सेटिंग स्प्रिंगबॅकला पुरत नाही. जाडीतले इंटिग्रेशन पॉइंट (जिथे ताण काढला जातो ते बिंदू) किमान ७, शक्य तर जास्त. डाय रेडिअसवरून जाणाऱ्या पत्र्याचे एलिमेंट (हिशोबासाठी पाडलेले तुकडे) बारीक, ९० अंशाला सहा-आठ तरी. हार्डनिंग मॉडेल (धातू ताणल्यावर कसा कडक होतो ते सांगणारं) साधं आयसोट्रॉपिक (सगळ्या दिशांना सारखं) ठेवलं तर वाकून परत सरळ होणाऱ्या भिंतीचं उत्तर चुकतं, कारण उलट दिशेने भार दिला की धातू लवकर यील्ड होतो, याला बॉशिंजर इफेक्ट म्हणतात. डीपी पत्र्याला योशिदा-उएमोरी सारखं कायनेमॅटिक (उलटा भारही धरणारं) मॉडेल घ्या. शिवाय ताणलेल्या पत्र्याचा ई सुद्धा परत सोडताना कमी भरतो, हाय स्ट्रेंग्थमधे १०-२० टक्क्यांपर्यंत, ते टाकलं नाही तर सिम्युलेशन नेहमी कमी स्प्रिंगबॅक दाखवणार. आणि ट्रिम स्टेप टाकूनच स्प्रिंगबॅक काढा. सिम्युलेशनमधला भिंतीचा ताण आणि तुमच्या जिभेचा आकडा शेजारी ठेवून बघा, दोन्ही जवळ आले तरच त्या कॉम्पेन्सेशनवर मशीनिंगचे पैसे घाला.

नंतर तडकणारे पार्ट: स्टेनलेस आणि पितळ

इथे मात्र गोष्ट मापाची राहत नाही, पार्ट तुटतो. म्हणून यावर जास्त लिहितो.

ब्रिटिश सैन्याच्या काळात आपल्याकडे, भारतात, पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवली जायची आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांना तडे गेलेले असायचे. कोणी आपटलेली नाहीत, उडवलेली नाहीत. काडतुसाचं कवच म्हणजे ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त अशा पितळेचा खोल ओढलेला कप, त्यात ओढ दबलेली, आणि घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया दमट हवेत त्या ओढलेल्या पृष्ठावर काम करायचा. मोसमात तडकतात म्हणून नावच सीझन क्रॅकिंग पडलं, आणि १९२१ साली मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी अमोनिया आणि दबलेला ताण हा संबंध उलगडून दाखवला. उपाय अगदी साधा निघाला: ओढून झाल्यावर २५०-३०० अंशाला तासभर. कडकपणा जवळजवळ तसाच राहतो पण ताण उतरतो. आजही पितळी ड्रॉ पार्ट असेल, लाइट फिटिंग, व्हॉल्व्हची टोपी, काहीही, तर ही भट्टी चुकवू नका, कारण अमोनिया फक्त तबेल्यात नसतो, फरशी पुसायच्या क्लीनरमधे पण असतो.

स्टेनलेसचं कारण वेगळं पण चित्र तसंच. ३०४ किंवा बाजारात चालणारे कमी निकेलचे २०० सीरीजचे ग्रेड, ज्याला आपल्याकडे जे-फोर वगैरे म्हणतात, खोल ओढले की त्यातला काही ऑस्टेनाइट (स्टेनलेसची मऊ स्फटिकरचना) बदलून मार्टेन्साइट होतो. तो कडक आणि ठिसूळ. त्यात हायड्रोजन आणि बाहेरच्या पृष्ठावरची ओढ, तिन्ही एकत्र आले की ड्रॉनंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तोंडाकडून खाली उभी चीर जाते. भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यांत ज्यांनी काम केलंय त्यांना रात्री ठेवलेला डबा सकाळी फुटलेला बघायची सवय असेल. चीर नेहमी उभी का, तर दबलेली ओढ घेराच्या दिशेने आहे, ती आडवं फाडायचा प्रयत्न करते आणि चीर तिला काटकोनात उभी पडते.

काय करायचं: एकाच ड्रॉमधे लालूच करू नका, ड्रॉ रेशो कमी करून दोन टप्प्यांत ओढा. तोंडाची कड बरशिवाय (कापल्यावर राहणाऱ्या धारदार कुसळीशिवाय) ठेवा, ब्लँकिंगची बर म्हणजे चिरेला तयार सुरुवात. शक्य असेल तर डाय आणि ब्लँक होल्डर १०० अंशाच्या आसपास गरम आणि पंच थंड ठेवा, गरम पत्र्यात मार्टेन्साइट कमी बनतो. आणि अ‍ॅनिलिंग (तापवून ताण उतरवणं) करायचंच असेल तर ड्रॉ झाल्या झाल्या, ढीग लावून सोमवारपर्यंत ठेवायचं नाही. ३०४ ला ते १०५० अंशाच्या आसपास आणि नंतर झटपट थंड, ब्राइट अ‍ॅनिलिंग (हवा न लागू देता) असेल तर काळवंडणार नाही. ४५० ते ८५० अंशाच्या पट्ट्यात स्टेनलेस रेंगाळू देऊ नका, कणांच्या सीमेवर क्रोमिअम कार्बाइड जमून पुढे गंज धरतो. स्वस्तात म्हणून कोणी सहाशे अंशाला स्ट्रेस रिलीव्ह करून देतो म्हणाला तर साध्या पोलादाला द्या, तिथे ५५०-६५० अंश बरोबर आहे, स्टेनलेसला नको. आणि साध्या पोलादालाही त्याने ड्रॉमुळे आलेला कडकपणा कमी होतो, तो डिझाइनमधे धरला असेल तर आधी डिझाइनवाल्यांना विचारा.

प्रॉडक्शनला लागल्यावर

हातोडीने ठोकून सरळ केलेला पार्ट कृपया पास करू नका. ठोकल्याने आकार येतो, पण ताण जातो कुठे, तो फक्त जागा बदलतो, आणि पेंटच्या भट्टीतून किंवा वेल्डिंगनंतर पार्ट परत पळतो.

कॉइल बदलली की पहिले तीन पार्ट ट्रिमपर्यंत नेऊन फ्री स्टेटमधे मोजा. कुशन प्रेशर, शट हाइट (प्रेस बंद असतानाची उंची), तेलाचं नाव आणि प्रमाण डायच्या कार्डवर लिहा, ऑपरेटरच्या डोक्यात नको. महिन्यातून एकदा एक पार्ट कापा, तीच रिंग, तीच उंची, तीच जीभ. आकडा हळूहळू वाढत असेल तर डाय रेडिअस झिजलाय किंवा कुशन मऊ पडलीय, आणि हे मापात दिसायच्या आधी रिंगमधे दिसतं.

माझ्याकडे प्रत्येक ड्रॉ डायच्या मागे तारेने एक कापलेली रिंग बांधलेली असते, पेंटने तारीख, हीट नंबर आणि किती मिमी उघडली ते लिहून. नवीन मुलगा शिफ्टला आला की आधी त्याच्या हातात ती रिंग देतो आणि आजच्या पार्टची तशीच एक कापून आणायला सांगतो.